बैठ्या घराचा पाया

प्रिय भोपू,

चाळिशी ओलांडलेल्या, डोक्यावरचे केस विरळ झालेल्या माणसाला असल्या नावाने पत्र लिहू नये, हे मला कळतं. पण लहानपणी तू रडायला लागलास की वरच्या मजल्यावरची माणसं काय झालं म्हणून खाली बघायला यायची, तेव्हा पडलेलं नाव ते. आता सुटत नाही. पत्र बघून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, गुडघे कुरकुरतात पण काम सोडून पळालेले नाहीत. चार गल्ल्या पलीकडे राहणारी आई फोन न करता पत्र का पाठवते, असं तुला वाटेल. कारण साधं आहे. तुझ्यासमोर बसले, नुसता तुझा आवाज जरी कानावर आला, तरी माझ्या तोंडून "बरं" एवढंच निघतं. तू म्हणतोस, आई असं करू; मी म्हणते, बरं. आज मला एक वाक्य शेवटपर्यंत न्यायचं आहे, आणि ते कागदावरच जमेल.

तू पाठवलेली पाठीची उशी मिळाली. सोबतची चिठ्ठीही वाचली. "आई, तू नसतीस तर आम्ही बुडालो असतो." ती चिठ्ठी मी तीनदा घडी करून पुन्हा उघडली. मंगळवारी तुझ्या ऑफिसातल्या त्या उंच मित्राचा फोन आला. म्हणे, "काकू, तुम्ही एका नजरेत पाया ओळखलात म्हणे! आमचंही एक घर बघून द्या." म्हणजे तू सगळीकडे सांगत सुटला आहेस. खालच्या शिंपीणबाईलाही जिन्यात सांगितलंस, ती मला म्हणाली, "नशीबवान हो तुमचा मुलगा, घरातच जाणकार." मी हसले आणि किल्ली कुलपात उलटी घातली.

तर त्या घराबद्दल. तुला सगळं ठाऊक आहे असं तू समजतोस, पण तू त्या दिवशी बराच वेळ अंगणात फोनवर होतास. म्हणून पहिल्यापासून सांगते.

जेवायला बोलावून तुम्ही दोघांनी तो विषय काढलात, तेव्हा सगळं आधीच ठरलेलं होतं. तू पानावर बोटाने नकाशा काढून दाखवत होतास. बैठं घर, जुनं आहे पण सुटसुटीत, पुढे अंगण, जिना नाही. सूनबाई, आपली मास्तरीण, म्हणाली, "आई, तुम्हाला आता तीन मजले चढायला नकोत." खरंच काळजीने म्हणाली, तिच्यात खोट नाही. तू म्हणालास, माझा फ्लॅट विकला की जमतंय, मागची खोली तुझी. मुंगी तेवढ्यात टाळ्या पिटत म्हणाली की शाळेतून आल्यावर आजी असणारच. आणि तू म्हणालास, "हो ना, आजी आहेच." तो 'आहेच' मी भाताबरोबर गिळला. मी पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरं. पण आधी मी घर बघते." तू एकदम खूश झालास. तुला वाटलं, आई हौसेने म्हणते आहे.

एकतीस वर्षं मी बँकेसाठी घरं पाहिली. कर्ज द्यायचं की नाही ते माझ्या चार पानांवर ठरायचं. बिल्डरांनी मिठाईचे पुडे धाडले, धमक्याही धाडल्या, पण मी भिंतीत जे दिसलं तेच लिहिलं. तुझे बाबा चेष्टेने म्हणायचे, "हिच्यासमोर भिंतसुद्धा खोटं बोलत नाही." त्यामुळे त्या रविवारी ओळंबा, बॅटरी, टेप आणि मुंगीची एक गोटी पिशवीत टाकून मी निघाले, तेव्हा खरं सांगू, मला बरं वाटत होतं. सात वर्षांनी पिशवी खांद्याला लागली होती. आणि आत कुठेतरी आशा होती की घर वाईट निघेल. जुनं बैठं घर, पंचेचाळीस वर्षांचं. काही ना काही सापडेलच. मग मला काही बोलावंच लागणार नाही. घरच माझ्या वतीने नाही म्हणेल.

घरमालक तुला आठवतात ना, ते घड्याळजी. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल, त्यावर उघडी पडलेली घड्याळं. नजर अधू झाली म्हणून दुकान बंद करून मुलीच्या गावी निघालेले. मी कामाला लागले आणि ते माझ्या मागे मागे, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. मी जोत्याची उंची मोजली. पावसाचं पाणी आत येणार नाही एवढी नीट होती. चारी कोपऱ्यांना ओळंबा सोडला. सूत भिंतीला समांतर. गोटी लादीवर ठेवली, ती जिथल्या तिथे राहिली. दाराच्या चौकटी किल्लीने ठोकत गेले. कुठे भुसभुशीत आवाज नाही, वाळवी नाही. गच्चीवर उतार बरोबर, पाणी साचल्याचे डाग नाहीत. वायरिंग जुनं होतं, ते बदलावं लागेल. मोरीच्या भिंतीला थोडी ओल होती, ती पाइपाची. बाकी काही नाही, भोपू. मी शोधत होते आणि सापडत नव्हतं. एखाद्या खोलीत शिरले की वाटायचं, इथे नक्की असेल, आणि बाहेर पडताना छातीवर आणखी एक वीट ठेवल्यासारखं व्हायचं.

शेवटी मागची खोली राहिली. घड्याळजींनी सांगितलं, "आत आमची आई असते, पण तुम्ही बघा खुशाल." गच्चीच्या टाकीत पाणी किती वेळात चढतं ते बघायचं म्हणून तू पंप लावला होतास आणि अंगणात फोनवर बोलत होतास. मास्तरीण आणि मुंगी गच्चीवर कुंड्या कुठे ठेवायच्या ते ठरवत होत्या. घड्याळजी शेजाऱ्यांकडे घराचा जुना नकाशा आणायला गेले. मी आत शिरले.

तुला तुझ्या आजीची खोली आठवते का? आपल्या भाड्याच्या घरातली, स्वयंपाकघरामागची? तू तिथे फार जायचा नाहीस, औषधांचा वास यायचा म्हणून. मी तिला तिथे ठेवलं ते वाईट मनाने नव्हे. रात्री खोकल्याने तुझी झोप मोडायची, मला सकाळी कामावर जायचं असायचं. आधी तिची ट्रंक तिकडे गेली, मग खुर्ची, मग मोरी जवळ पडते म्हणून पलंग. एके दिवशी पाहिलं तर सगळी आजीच तिकडे गेलेली. नऊ वर्षं मी त्या खोलीत ताटं नेली आणि ताटं आणली. दारातून विचारायचे, "काही हवंय का?" ती म्हणायची, "नाही, तू जा, तुला उशीर होतोय." मला उशीर होतच असायचा. नंतर बाबांचं आजारपण आलं, दोन वर्षं, तेव्हाही मी दारातूनच ऑफिसला पळायचे आणि दारातूनच घरात शिरायचे. हे मी कोणाला ऐकवायला लिहीत नाही. एवढंच सांगते की मागच्या खोलीत कोणी कोणाला टाकत नाही. सगळ्यांची सोय बघता बघता माणूस तिथे जाऊन पोचतं.

तर घड्याळजींच्या आई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या. पंचाऐंशीच्या पुढच्या, पण डोळे लख्ख. खोली आठ बाय नऊची. दारामागची भिंत बघायची म्हणून मी दार लोटलं, आणि ते बसलं. खाली फुगलेलं लाकूड चौकटीत असं घट्ट बसलं की मी कडी धरून ओढलं तर कडीच हलायला लागली. मी तुला हाक मारली. पंपाचा आवाज चालू होता. पुन्हा मारली, या वेळी जोरात. तुझं हसणं मला ऐकू येत होतं, फोनवर कोणाला तरी तू सांगत होतास की आई बघतेय घर, म्हणजे काळजी नाही. तिसऱ्या हाकेनंतर मागून त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ओरडू नका. ते आतून उघडत नाही. बाहेरून कोणीतरी खांदा लावावा लागतो."

मी विचारलं, "मग तुम्ही काय करता?"

"काही नाही. मला कुठे जायचं असतं? चहाच्या वेळेला येतंच कोणीतरी."

त्यांनी मला पलंगावर बसायला जागा करून दिली. मी बसले. मग त्यांनी विचारलं, "घर घेतलंत तर या खोलीत कोण राहणार?" मी म्हणाले, "मी." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत एकदा पाहिलं. मला वाटलं आता कीव करतील. कीव नाही केली. नोकरीतून निवृत्त होणारा माणूस नव्या माणसाला टेबलाची माहिती देतो ना, तशा सांगायला लागल्या. पलंग या भिंतीला लावू नका, पलीकडे मोरीचा पाइप आहे, उशी ओलसर होते. खिडकी उंच आहे; बसून नुसतं आभाळ दिसतं, उभं राहिलं की शेजाऱ्यांची भिंत. दुपारी तीनला भिंतीवर ऊन येतं, पाठ तिथे टेकायची. पाणी प्यायचं असेल तर दार उघडं असतानाच तांब्या भरून घ्यायचा. नातवंडं पहिली दोन वर्षं येतात गोष्टी ऐकायला, मग त्यांना अभ्यास असतो, त्यांच्यावर रागवायचं नाही. "माणसं चांगली आहेत हो आमची," त्या म्हणाल्या. "चांगलीच आहेत. म्हणून तर काही बोलता येत नाही."

अर्धा तास मी तिथे होते. तुमची सगळ्यांची नंतर हसून हसून मुरकुंडी वळली, की तपासायला आलेल्या बाईच खोलीत अडकल्या. मीही हसले. पण त्या अर्ध्या तासात मी खिडकीकडे पाहत हिशेब करत होते की स्टुलावर चढले तर गजांतून हात बाहेर जाईल का. एका सुताराने दारावर दहा मिनिटं रंधा मारला की ते दार सुटेल, हे मला माहीत होतं. तरीही.

माझ्या फ्लॅटबद्दल तुला मी कधी काही सांगितलं नाही. तुला ते तीन मजले आणि एकटी आई एवढंच दिसतं. मी दर बुधवारी काय करते ठाऊक आहे? स्टॉपवर जाते आणि पहिली येईल ती बस पकडते. नंबर बघत नाही. शेवटच्या स्टॉपला उतरते, तिथे जी काही टपरी असेल तिथे चहा पिते, चार रस्ते फिरते आणि परत येते. कधी शिंपीणबाई बरोबर असते, बहुतेकदा मी एकटीच. एकदा विटांच्या भट्टीपाशी पोचले, एकदा तुरुंगाच्या भिंतीपाशी. भूक लागली की जेवते. पलंगावर आडवी-तिरपी झोपते. कोणाचं ताट नाही, कोणाची गोळी नाही, कोणी विचारत नाही की उशीर का झाला. एकसष्टाव्या वर्षी मिळालं रे हे मला. आधी घाबरले होते, बाबा गेल्यावर सहा महिने दिवा लावून झोपायचे. मग एके दिवशी लक्षात आलं की घरातली शांतता मला आवडते आहे. आवडते हे कबूल करायलाही लाज वाटली, म्हणून कोणाला बोलले नाही.

घड्याळजींनी खांदा लावून दार उघडलं. आपण सगळे बाहेर अंगणात आलो. मुंगीने कुठल्या कोपऱ्यात सायकल ठेवायची ते ठरवून टाकलं होतं. तू माझ्याकडे वळलास आणि म्हणालास, "बोल आई. तू हो म्हणालीस की आत्ता शब्द देतो." तुझा चेहरा दहावीचा निकाल हातात घेतला होतास तेव्हासारखा होता. मी तुला पुन्हा मागच्या खोलीशी नेलं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून खाली उतरणारी एक केसाएवढी भेग दाखवली. म्हणाले, "पाया बसतोय, हळूहळू खचतोय. घेऊ नका."

मास्तरणीने विचारलं, "आई, नक्की?" आणि तू तिच्यावर उखडलास, "आईला विचारतेस नक्की का म्हणून?" परतताना गाडीत मुंगीने दोनदा विचारलं की आपण परत केव्हा येणार. रात्री मास्तरीण रडली असणार, दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सांगत होते, आणि तरी तिने मला दवाखान्यात रक्ततपासणीला नेलं.

त्या भेगेच्या आत, भोपू, जुना निळा रंग शिरलेला होता. भेग ताजी असती तर आत कोरडं प्लास्टर दिसलं असतं. रंग आत आहे म्हणजे ती शेवटच्या रंगकामाच्याही आधीची. घर बांधल्यावर पहिल्या वर्षी कधीतरी प्लास्टर वाळताना सांधा आवळला, एवढंच. तेव्हापासून सुतभरही वाढलेली नाही. हे मला त्याच क्षणी दिसलं होतं.

इथवर वाचून तू उठून उभा राहिला असशील. बस. अजून आहे.

मला वाटलं होतं, झालं ते झालं. दुसरं घर मिळेल, हे विसरून जाल. पण गेल्या सोमवारी घड्याळजींचा फोन आला. आवाज खोल गेलेला. म्हणाले, "बाई, तुम्ही पाया बसतोय म्हणालात तेव्हापासून मला झोप नाही. आणखी एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला मी खरं ते सांगून टाकलं, तो गेला. आता मीच बाहेरून खणलंय, येऊन बघाल का? आई आत असते हो." मी गेले. मागच्या भिंतीला लागून कमरेएवढा खड्डा, आणि त्यात ते स्वतः उभे, चष्म्यावर माती. दोन मजूर बाजूला बसलेले. पुढच्या खोलीत, घड्याळांचं टेबल सरकवून, त्यांच्या आईचा पलंग मांडला होता, रस्त्याच्या खिडकीशी. मला बघून म्हातारी खुदकन हसली. "पाया बसतोय म्हणून मला पुढे आणलं! बसू दे की जरा." मला हसावं की रडावं कळेना.

मी खड्ड्यात वाकून बघितलं. काळा दगड, सांध्यात चुना गच्च भरलेला, बोट शिरेल एवढीही फट नाही. ज्याने कोणी तो भरला त्याने कोणी बघणार नसतानाही चोख काम केलं होतं. मजुरांना मी जरा लांब पाठवलं आणि म्हणाले, "घड्याळजी, पाया बसत नाहीये. मी खोटं बोलले." त्यांनी चष्म्यावरची माती पुसली. मग विचारलं, "का?" मी म्हणाले, "मागच्या खोलीमुळे." त्यांनी खड्ड्यातूनच मान वळवून त्या उंच खिडकीकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "हात द्या," आणि मी त्यांना बाहेर ओढून घेतलं. माती झटकत त्यांनी विचारलं, "मुलाला सांगितलंत?" मी नाही म्हणाले. "या रविवारपर्यंत मी थांबतो. मग मला सगळ्यांना सांगावं लागेल की घर चांगलं आहे. माझंही घर आहे ते."

म्हणून हे पत्र. आज गुरुवार आहे, तुझ्याकडे तीन दिवस आहेत. खरा अहवाल असा: घर मजबूत आहे, वायरिंग बदला, मोरीचा पाइप बदला, मागच्या खोलीच्या दाराला रंधा मारून घ्या. मास्तरणीला आधी सांग की तिने "नक्की?" विचारलं ते बरोबर होतं, आणि मी तिची माफी मागायला स्वतः येणार आहे. मुंगीला हव्या त्या दिवशी माझ्याकडे पाठव, बुधवार सोडून. किंवा बुधवारी पाठव, तिलाही बसमध्ये घेऊन जाईन. पण माझा फ्लॅट मी विकत नाही. तो विकल्याशिवाय ते घर तुम्हाला झेपणार नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. बाईने असं वागावं का, आईने असं वागावं का, हे सगळं मी स्वतःला विचारून बसले आहे. उत्तर काहीही आलं तरी मला त्या खोलीत जायचं नाही. हे तुला त्या रविवारी अंगणात उभं राहून सांगायला हवं होतं. माझ्यात धीर नव्हता म्हणून मी एका चांगल्या घराला बदनाम केलं, आणि एका सरळ माणसाला त्याचंच घर खणायला लावलं. तुला राग येईल. यायलाच हवा. पण त्या घरावर काढू नकोस, आणि पायाचं कारण कोणाला सांगू नकोस. कोणी विचारलं तर स्पष्ट सांग, घर चांगलं होतं, आई यायला तयार नव्हती.

तुझीच, तीन मजले चढून आपल्या घरी जाणारी,
आई